वेल आतून कशी असते

बाळांनो, आंबा, साग, ऐन, किंजळ ही सगळी झाडं जन्मभर सगळ्यांत मोठा खर्च कशावर करतात, सांगा पाहू? खोडावर. पानं गळतात, नवी येतात. फुलं, फळं येऊन जातात. पण लाकडावर लाकूड चढवायचं काम काही थांबत नाही. फांद्यांचा भार पेलायचा, आषाढातला वारा अंगावर घ्यायचा आणि तरी ताठ उभं राहायचं, म्हणजे खोड जाडजूड हवंच. कित्येक वर्षं अशी मेहनत करावी तेव्हा झाडाचं डोकं उन्हात निघतं.

वेल हा खर्च करतच नाही. शेजारच्या झाडाला धरते आणि त्याच्या अंगाखांद्यावरून, मनगटाएवढ्या खोडावर, त्याच उन्हात जाऊन पोचते. तुम्ही म्हणाल, बरं साधलं की तिनं. पण आता तिची अडचण बघा. त्या मनगटाएवढ्या खोडातून तिला एका अख्ख्या झाडाच्या माथ्यावर पसरलेल्या पानांना पाणी पोचवायचं असतं. शिवाय ज्याच्या आधारानं चढली तो आधारही जागेवर राहत नाही. वाऱ्यानं झाड इकडे झुकलं की वेलीला पीळ बसतो, तिकडे झुकलं की ताण. आणि एखाद्या पावसाळ्यात ते झाड मुळासकट उन्मळून पडलं, तर वेलही त्याच्याबरोबर धाडकन खाली. तरी ती मरत नाही. पडल्या जागी मुळं धरते, नवे कोंब काढते आणि दुसरं झाड गाठते. हे तिला जमतं कसं, ते बाहेरून बघून कळायचं नाही. खोड आडवं कापून आत बघावं लागतं. आणि आत जे दिसतं त्याच्याइतकं नवल मी तरी रानात दुसरं पाहिलेलं नाही.

आधी साध्या झाडाचं खोड कसं वाढतं ते सांगतो, म्हणजे वेलीनं काय केलं ते लक्षात येईल. पावसाळ्यात ओली फांदी सोलली की साल अलगद सुटते आणि खालचं लाकूड बोटाला बुळबुळीत लागतं, हो ना? त्या बुळबुळीत जागी जिवंत पेशींचा एक थर असतो. त्याला म्हणतात ऊतककर. तुमच्या पुस्तकात कॅम्बियम लिहिलेलं असेल. कागदासारखा पातळ थर, पण एवढा मोठा वड त्यानं घडवलेला असतो. हा ऊतककर आतल्या अंगाला लाकूड तयार करत जातो, म्हणजे प्रकाष्ठ. मुळांनी ओढलेलं पाणी त्यातून वर चढतं. बाहेरच्या अंगाला तो परिकाष्ठ तयार करतो. पानांनी केलेली साखर त्यातून खाली उतरते. पाण्याच्या वाटा आत लाकडात, साखरेच्या वाटा बाहेर सालीत. म्हणून तर खोडाची साल सगळीकडून गोल सोलून काढली की झाड हळूहळू वाळतं. पाणी वर जात राहतं, पण मुळांना खायला मिळत नाही.

आंबा घ्या, साग घ्या, फणस घ्या, हा नियम बहुतेक सगळ्या झाडांत असाच दिसेल. वेलींनी मात्र तो हवा तसा वाकवला आहे, आणि प्रत्येक कुळानं आपल्या पद्धतीनं.

संक्रांतवेल तुमच्या ओळखीची आहे. जानेवारीत कुंपणभर नारिंगी फुलांचे घोस लोंबतात, तीच. ती मूळची आपली नाही, दक्षिण अमेरिकेतली आहे, पण आता आपल्या बागांत चांगली रुळली आहे. तिची बोटभर जाडीची फांदी धारदार पात्यानं आडवी कापा. लाकूड अखंड गोल दिसायचं नाही. चार बाजूंनी चार पाचरी ठोकल्यासारख्या दिसतील, बाहेरून आत शिरलेल्या. या पाचरी लाकडाच्या नाहीत, परिकाष्ठाच्या आहेत. सालीत असायला हवा तो मऊ भाग थेट लाकडात घुसला आहे.

आता थोरला विचारेल, लाकूड कोरून आत कोण गेलं? कोणी गेलं नाही. सुरुवातीला खोड नेहमीसारखंच वाढतं. मग एक दिवस ऊतककराचे चार तुकडे आपली रीत बदलतात. ते आत अगदी थोडं लाकूड घालतात आणि बाहेर भरपूर परिकाष्ठ. मधले तुकडे पूर्वीसारखंच लाकूड घालत राहतात. त्यामुळे मधली बाजू फुगत जाते आणि ते चार तुकडे जिथल्या तिथे, खोल राहतात. खोड जाड होईल तशा पाचरी लांब होतात, आणि जाड खोडात त्यांच्या मधल्या जागी आणखी पाचरीही येतात. ऊतककर तोच, काम तेच, फक्त कुठे किती करायचं याचा हिशेब वेगळा. एवढ्यानं सगळं चित्र पालटतं.

ब्राझीलच्या रानात या गोष्टी आधी लोकांच्या नजरेत भरल्या. फ्रिट्झ म्युलर नावाचा जर्मन निसर्गअभ्यासक तिकडे जाऊन राहिला होता. चार्ल्स डार्विननं १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवरचा आपला मोठा निबंध छापला, तेव्हा म्युलरनं आपल्या भोवतालच्या वेलींविषयी त्याला लांबलचक पत्रं धाडली. पुढे हाइनरिख शेंक ब्राझीलला गेला. वेलींच्या खोडांचा अभ्यास करून त्यानं १८९२ आणि १८९३ मध्ये दोन भागांचा ग्रंथ काढला. आज सव्वाशे वर्षांनंतरही वेलींच्या लाकडावर काम करणारा माणूस त्या ग्रंथाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हे काम अनेक वर्षं चाललं आहे. मला त्याचं फार कौतुक वाटतं. आपल्या रानातल्या वेली आपल्याच माणसांनी कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हव्यात.

त्या ब्राझीलकडच्याच रिठ्याच्या कुळात सर्जानिया नावाच्या वेली आहेत. त्यांचं खोड कापलं तर एका सालीच्या आत लाकडाचे अनेक गोल दिसतात. मध्ये एक मोठा, भोवती लहान लहान, आणि प्रत्येकाला आपापला ऊतककर. एका कातड्यात जणू पाच-सहा खोडं नांदतात.

धाकटीनं मघापासून तोंड उघडलेलं आहे. काय म्हणतेस? लाकडात मऊ भाग घुसवला तर वेल कमजोर होईल? अगदी बरोबर शंका. उत्तर काथ्याच्या दोरात आहे. नारळाच्या काथ्याचा सरळ जाड दांडा केला असता तर वाकवताच तो मोडला असता. पण तोच काथ्या बारीक पेडांत वळून, पेड एकमेकांवर पिळून दोर केला की जहाज बांधून ठेवता येतं. एक पेड दुसऱ्यावरून किंचित सरकतो, म्हणून दोर वळतो, पिळतो आणि तुटत नाही. वेलीच्या खोडात लाकडाच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये मऊ पेशी, म्हणजे मृदूतक. पीळ बसला की मऊ भाग दबतो, फाटतोही, पण पाणी नेणाऱ्या पट्ट्या शाबूत राहतात.

आणि हे मऊपण वेलीत जन्मापासून नसतं, हे मला त्याहून मोठं वाटतं. आधार शोधणारा कोवळा शेंडा चांगला ताठ असावा लागतो. डार्विननं घरात एक कंदीलपुष्पाची वेल ठेवली होती, श्रीलंकेकडच्या जातीची. आपल्या सह्याद्रीत याच वंशाच्या कितीतरी जाती आहेत. त्या वेलीचा मोकळा शेंडा आधार शोधत रात्रंदिवस फिरत राहिला, आणि पाच फुटांहून जास्त व्यासाचं वर्तुळ त्यानं हवेत काढलं. एवढा लांब शेंडा लुळा पडला असता तर वर्तुळ कसलं निघतं? रानातल्या जाड वेलींचं तसंच. आधार मिळेपर्यंत ऊतककर घट्ट, ताठ लाकूड तयार करतो. आधार मिळाला की त्याच ऊतककरातून वेगळं लाकूड येऊ लागतं: सैल, लवचीक, मोठमोठ्या भोकांचं. झाडाचं उलट. झाड जून होईल तसं ताठ होतं, वेल जून होईल तशी लवते.

आता ती मोठमोठी भोकं काय आहेत ते बघू. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांना वाहिन्या म्हणतात. बऱ्याचशा झाडांत त्यांची रुंदी एक-दोन दशांश मिलिमीटर असते. जाड वेलींत ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे सूक्ष्मदर्शक नको, भिंगही नको. वेलीचा काप उजेडाकडे धरला तर नुसत्या डोळ्यांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. रुंदीत एवढाच फरक, असं म्हणू नका. नळीतून वाहणारं पाणी रुंदीच्या चौथ्या घातानं वाढतं. एकोणिसाव्या शतकात हागेन आणि प्वाझय यांनी वेगवेगळे प्रयोग करून हा नियम काढला. नळी दुप्पट रुंद केली की तेवढ्याच जोरावर सोळापट पाणी जातं. तिप्पट केली की एक्याऐंशीपट. मनगटाएवढ्या खोडाला झाडाएवढी पानं कशी पोसता येतात, त्याचं गणित हे.

रुंद नळीचा तोटाही आहे. पाणी पानांकडून ओढलं जात असतं, ताणलेलं असतं. उन्हाळ्यात ताण फार वाढला की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते. रुंद नळ्या फार पाणी वाहतात, पण त्यातली एक बंद पडली की नुकसानही तेवढंच. म्हणून वेली रुंद वाहिन्यांच्या शेजारी अगदी बारीक वाहिन्याही ठेवतात. पाणी भरपूर असतं तेव्हा रुंद वाहिन्या काम करतात. त्या बंद पडल्या तरी बारीक वाहिन्या जीव तगवतात.

काही वेलींना बंद नळ्या पुन्हा भरताही येतात. नाशिककडे द्राक्षांची छाटणी चालू असताना बागेत गेलात तर कापलेल्या काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमताना दिसेल. पुसला तरी पुन्हा जमतो. मुळं खालून पाणी वर ढकलत असतात. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकानं द्राक्षवेलीच्या कापलेल्या बुंध्यावर काचेच्या नळ्या एकीवर एक जोडत नेल्या, आणि पाणी वीस फुटांच्या वर चढलेलं पाहिलं. १७२७ साली त्यानं हे पुस्तकात लिहून ठेवलं. पान नाही, ऊन नाही, नुसता बुंधा, आणि पाणी माडीच्या वर!

सह्याद्रीतली उक्षी मात्र तुम्हाला माझ्याबरोबर रानातच बघायला हवी. फुलली की फिकट हिरव्या झुबक्यांनी झाडं झाकून टाकते. कडक उन्हाळ्यात ओढे आटले की रानातली माणसं तिच्या जाड वेलीचं पाणी पितात. पण कापायची रीत आहे. खालून एकच घाव घातला तर काही मिळत नाही, कारण पाणी ताणलेलं असतं. खोड तुटताच ते वरच्या भागात ओढलं जातं आणि नळ्यांत हवा शिरते. म्हणून आधी हात पुरेल तेवढ्या उंचावर घाव घालायचा, मग लगेच खाली दुसरा. हातभर-दोन हातांचा तुकडा मोकळा झाला की उभा धरायचा. दोन्ही टोकं उघडी, वाहिन्या रुंद. पाणी आपल्या वजनानं खालच्या टोकाला येतं आणि थेंब थेंब, कधी बारीक धारेनं, ओंजळीत पडतं. आंब्याच्या फांदीचा असा तुकडा करून बघा. काही यायचं नाही. एवढ्या बारीक वाहिन्यांतलं पाणी नळीच्या भिंतींना चिकटूनच राहतं.

या उक्षीच्या लाकडात आणखी एक गंमत आहे. साखरेच्या वाटा सालीत, हा नियम मघाशी सांगितला. उक्षीच्या लाकडात त्या वाटांची लहान लहान बेटं आतवर विखुरलेली असतात. ऊतककर मधूनच आतल्या बाजूला लाकडाऐवजी परिकाष्ठाचा ठिपका टाकतो आणि पुन्हा लाकडाच्या कामाला लागतो. साल कोणी खरवडली, सांबरानं शिंग घासलं, दगडावर आपटून सोलवटली, तरी आतल्या वाटा सुरक्षित. अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी बऱ्याच वेलींची साल गोल काढून त्या कशा भरून येतात ते पाहिलं आणि १८८६ नाही बरं, १९८६ साली छापलं. ज्यांच्या लाकडात असा जिवंत मऊ भाग मिसळलेला असतो, त्यांना जखमेच्या आतूनच नव्या पेशी काढता येतात.

गुळवेलीइतकी चिवट वेल मात्र शोधून सापडायची नाही. कडुनिंबावर चढलेली पाहिली आहे ना? बाहेरून पातळ पापुद्र्यासारखी साल, त्यावर बारीक फोड. नखानं खरवडलं की खाली हिरवं. आडवी कापली की लाकडाच्या अरुंद पाचरी मध्यापासून कडेपर्यंत पसरलेल्या दिसतात आणि दोन पाचरींच्या मध्ये रुंद, पांढरट, मऊ पट्टे. हे पट्टे म्हणजे निकाष्ठ किरण. बाकीच्या झाडांतही ते असतात, पण केसासारखे बारीक. गुळवेलीत ऊतककर काही जागी लाकूड करतो आणि काही जागी नुसत्या मऊ पेशीच करत राहतो. त्या पेशींत पिष्ट भरलेलं असतं. औषधाला गुळवेल सत्त्व काढतात ते तेच. वेल ठेचून पाण्यात भिजवतात, कुस्करतात, गाळतात आणि पाणी स्थिर ठेवतात. तळाशी पांढरा साका बसतो. पूर्वी मीही आमच्याकडे तो वाळवताना पाहिला आहे. हातात घेतला की मऊ मऊ भुकटी.

आता हा साठा वेलीच्या काय कामाचा? कोणीतरी गुळवेलीचा बुंधा तोडला, वरची वेल झाडावर तशीच लोंबकळत राहिली. आठवडे जातात, ती वाळत नाही. मग तिच्या एखाद्या पेरातून दोऱ्यासारखं एक बारीक मूळ सुटतं आणि हवेतून खाली, खाली, खाली येत राहतं. मातीला टेकेपर्यंत त्याला बाहेरून काही मिळत नाही. सगळा खर्च त्या मऊ पट्ट्यांतल्या पिष्टातून चालतो. मातीला टेकलं की वेल पुन्हा उभी. अमृता हे तिचं नाव आपल्या वैद्यांनी उगाच ठेवलेलं नाही.

आपल्या सदाहरित रानांत कुंबळ नावाची वेल आहे. तिची पानं बघून तुम्ही तिला जांभळासारख्या झाडांची नातलग म्हणाल. ती निघते चीड आणि सायकसच्या गोतातली, उघड्या बियांची. शास्त्रज्ञ तिला नीटम म्हणतात. पंचानन माहेश्वरी आणि विमला वासिल यांनी १९६१ मध्ये तिच्या वंशावर अख्खा ग्रंथ लिहिला. कुंबळीचं खोड कापलं की आत एकावर एक कडी दिसतात. ही वर्षांची वलयं समजून वय मोजायला जाऊ नका. पहिला ऊतककर थकला की त्याच्या बाहेर, सालीकडच्या पेशींतून नवा ऊतककर उठतो आणि आपलं लाकूड नि आपलं परिकाष्ठ करतो. मग त्याच्याही बाहेर तिसरा. एका वर्षात किती उठतील याला बंधन नाही. हे बघायला रानात जायलाही नको. कोशिंबिरीसाठी बीट कापता ना, त्यातली गडद आणि फिकी कडी याच रीतीनं झालेली असतात. बीट काही वेल नाही, पण युक्ती तीच. तिथे ती साखर साठवायला वापरली आहे.

वेत मात्र या गोष्टीत बसत नाही. लांबीला तो कोणत्याही वेलीला हार जाणार नाही, पण तो माडाच्या कुळातला. त्याला ऊतककरच नाही, त्यामुळे एकदा झाली ती जाडी कायमची.

आणि गारंबी! रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ फणसाडच्या अभयारण्यात ती बघायला मिळते. माणसाच्या मांडीएवढं खोड, जमिनीवरून नागमोडी जातं, मध्येच वर चढतं, पुन्हा खाली उतरतं, आणि तिसऱ्याच झाडावर नाहीसं होतं. शेंग हातभराहून लांब, कधी मीटरभराहूनही. बी तपकिरी, तुळतुळीत, रुपयाच्या नाण्यापेक्षा कितीतरी मोठी. तिच्या आत पोकळी असते म्हणून ती पाण्यावर तरंगते, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते. अशा वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेल्या असतात म्हणून शेकरूला जमिनीवर न उतरता रानभर फिरता येतं. देवराया साफसूफ करायच्या म्हणून काही जण आधी वेलीच तोडतात. मला ते बघवत नाही. मांडीएवढी गारंबी व्हायला किती पावसाळे गेले असतील, आणि तिच्यावरून किती शेकरांनी वाट काढली असेल.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातले लोक अशाच एका वेलीकडून कामाची गोष्ट शिकले. आपल्याकडे सापसंद मिळते ना, तिच्याच वंशातली अमेरिकेतली एक मोठी वेल आहे. तिच्या खोडात बाहेरून कठीण तंतूंचं कडं असतं. खोड जाड होऊ लागलं की ते कडं तडकतं. तडकल्या क्षणी शेजारच्या मऊ पेशी फुगून त्या फटीत शिरतात, फट बुजवतात आणि पुढे आपल्या भिंती कठीण करतात. हे बघून त्यांनी हवा भरलेल्या पोकळ नळ्यांसाठी आतून द्यायचा फेसाचा थर तयार केला. नळीला टोचून भोक पडलं की तो फेस त्यात शिरून भोक बुजवतो.

तर आता उद्या काय करायचं ते ऐका. जिवंत वेलीला हात लावायचा नाही. संक्रांतवेलीची छाटलेली फांदी कुंपणापाशी पडलेली आहे, ती घ्या. गुळवेलीचाही एक तुकडा मी काढून ठेवला आहे. पातं मी धरीन. कापाला पाण्यानं ओलं ठेवायचं, नाहीतर मऊ भाग आक्रसतो आणि पाचरी नीट दिसत नाहीत. गुळवेलीच्या कापावर जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचा एकच थेंब सोडायचा. लाकडाच्या पाचरी पिवळट राहतील आणि त्यांच्यामधले पट्टे बघता बघता काळेनिळे होतील, कारण तिथे पिष्ट आहे. मग संक्रांतवेलीवर तसाच थेंब टाकायचा, आणि कुठे किती काळं होतं ते दोघांनी वेगवेगळं कागदावर काढायचं, एकमेकांचं न बघता.